आगरवाड्यात, दहा स्टॉप

मेनिन फुर्तादोनं म्हापशाचा स्टुडिओ बंद केला
तेव्हा मखमली खणांचा एक डबा मला विकला.
सहा काचा, एकीला चरा.
"चऱ्याची फुकट," म्हणाला,
"आणि हेही फुकट घे:
आभाळ नेहमी जास्त मागतं. देऊ नकोस."

मे महिना. मिठागराच्या बांधावर तिपाई रोवली.
पाण्याचे चौकोन, त्यांत उलटं आभाळ,
मिठाचे ढीग, पलीकडे शापोरा नदी
आणि माड, सरळ रेघ ज्यांना मान्य नाही.
कडक कडेची काच समुद्राकडे चालते,
तिथं क्षितिज पट्टीनं ओढलेलं असतं.
इथं ती माडांना गळ्यापाशी कापते,
वर कोळसा, खाली हिरवं.
मऊ कडेची घेतली.
कापडात ओल उतरावी
तसा तिचा काळोख खाली झिरपतो.

किती काळोख, हा पुढचा प्रश्न.
पाण्यातलं आभाळ मुळातच थोडं उतरलेलं असतं.
वरचं फार दाबलं
तर प्रतिबिंब मुळाहून उजळ होतं
आणि बघणाऱ्याला चूक सापडत नाही,
फक्त वाटत राहतं
की इथं कुणीतरी खोटं बोलतंय.
दोन स्टॉप. पुरे.

"कसलीं आरशां हीं?" कुष्टानं विचारलं.
हातात फळी, कमरेला टॉवेल,
पायांच्या भेगांत पांढरं.
सांगितलं: ही उजेड अडवते,
ही अर्धाच अडवते, ही जवळजवळ सगळा.
होल्डरच्या खाचेत काच सरकवून दाखवली.
तो हसला. "म्हणल्यार मानस!"
आणि बोट केलं बांधाच्या तोंडाशी,
जिथं खाचेत सरकणाऱ्या लाकडी फळ्या
नदी किती आत येईल ते ठरवतात.
भरतीला एक फळी कमीजास्त झाली
तर सगळं मीठ परत पाणी.
वीस वर्षं वाचलेल्या पुस्तिकांत
इतकं सरळ कुणी लिहिलं नव्हतं.

मग सगळ्यात काळी काच. दहा स्टॉप.
आधी फोकस, मग काच,
कारण ती बसली की कॅमेराही आंधळा.
त्यानं ती मागून घेतली, अंगठ्यात धरली,
सूर्याकडे बघितलं. "रात जाली गो."
परत दिली आणि कामाला लागला.

सेकंदाचा तिसावा हिस्सा होता,
त्याचे चौतीस सेकंद झाले.
तेवढ्यात कुष्टा चौकोन ओलांडून गेला, आला,
मीठ ओढलं, वाकला, गेला.
पडद्यावर पाणी दुधासारखं,
ढग विंचरलेले,
मिठाचे ढीग जागच्या जागी
आणि एक बगळा, शहाणा, अजिबात न हललेला.

"हांव खंय आसां?"

काय सांगणार?
की ही काच हलणाऱ्याला मोजत नाही?
थोडा उभा राहशील का, म्हटलं.
तो नदीकडे बघत म्हणाला,
भरती लागलीय, आता कोण उभं राहतं.

काळी काच काढली.
तो जवळ आला, बांधावर, टोपली डोक्यावर,
आणि तेव्हा दिसलं:
आभाळासाठी लावलेल्या मऊ काळोखात
त्याचं कपाळ, डोळे, नाक,
सगळं हनुवटीपर्यंत बुडालेलं.
खाली पाय मात्र लख्ख.

तीही काढली.

मेनिननं फोटो पाहिला, चष्मा वर केला.
"आभाळ जळलं."
"हो."
"पूर्ण पांढरं. काही उरलं नाही."
"हो."
बराच वेळ तो कुष्टाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला,
मग चहा सांगितला.

दहा स्टॉपांची काच अजून वापरते.
डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा खारट डाग आहे,
मोठ्या छपाईत दिसतो.
पुसायचं फडकं डब्यातच असतं.